उतरता आकडा

गाडी विकून टाकायची, हे भार्गवने नागपूरहून निघतानाच ठरवलं होतं. आईवडिलांना सांगायचं तेवढं बाकी होतं. आदिलाबादला घरी पोचल्यावर पहिल्याच चहाला त्याने ते सांगून टाकलं. गिऱ्हाईकही त्यानेच शोधलं होतं. यात्रेच्या सहली काढणारा एक निजामाबादचा माणूस गुरुवारी दुपारी येऊन गाडी बघणार होता.

ही गाडी म्हणजे साधी मोटार नव्हती. एका शाळेची जुनी डिझेल मिनीबस त्याच्या वडिलांनी, अनंतरावांनी, निवृत्तीनंतर घेतली होती. तिच्यातल्या सीटा काढून त्यांनी आत दोन पलंग, छोटा ओटा, गॅस, पाण्याची टाकी आणि एक माणूस जेमतेम वळेल एवढं न्हाणीघर बसवून घेतलं. कागदावर ती मोटरहोम होती, पण कॉलनीतले सगळे तिला घरगाडी म्हणत. अनंतरावांची नोकरी पाटबंधारे खात्यात, पंपांवर गेलेली. डिझेल इंजिन त्यांना आवाजावरून कळायचं. सुरुवातीची वर्षं गाडी तेच चालवत. मग काचबिंदूने त्यांच्या नजरेच्या कडा खायला सुरुवात केली. समोरचं दिसायचं, बाजूचं दिसेना. डॉक्टरांनी स्टिअरिंगला हात लावायचा नाही असं बजावलं.

घरगाडी आता अंगणात उभी राहून गंजणार असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. भार्गवच्या आईने, चारुशीलाने, तसं होऊ दिलं नाही. सरकारी दवाखान्यातून हेड सिस्टर म्हणून ती नुकतीच निवृत्त झाली होती. साठी जवळ आलेली असताना तिने मोठ्या गाडीचं लायसन काढलं आणि नवऱ्याला बाजूच्या सीटवर बसवून ही गाडी हाताळायला शिकू लागली.

गिअर आणि ब्रेक तिला लवकर जमले. अनंतरावांचा खरा भर वेगळ्याच गोष्टीवर होता.

"इंजिनाचा ताप बघायला शिक," ते म्हणत. "बाकी सगळं आपोआप येते."

डॅशबोर्डवर तापमानाचा काटा होता, पण त्याच्यावर त्यांचा विश्वास नव्हता. तो काटा आळशी आहे, असं त्यांचं म्हणणं. पाणी ऐंशी अंशांवर असो की शंभरावर, तो आपला मधेच बसून राहतो आणि हलायला लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून त्यांनी इंजिनातल्या पाण्याचं तापमान आकड्यात दाखवणारं एक छोटं मीटर स्टिअरिंगच्या बाजूला लावलं होतं.

चारुशीला त्या आकड्याकडे वॉर्डातल्या नव्या पेशंटकडे बघावं तशी बघू लागली. या गाडीचं नेहमीचं काय, हे आधी माहीत पाहिजे. सपाट रस्त्यावर सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी. मे महिन्यात त्याहून चार-पाच जास्त. बाजारात गर्दीत अडकली की आकडा चढतो, मग पंखा घोंगावायला लागतो आणि तो खाली येतो. घाट चढताना शंभराच्या आसपास.

"शंभराला पाणी उकळते ना?" पहिल्यांदा घाट चढताना तिने घाबरून विचारलं होतं.

"उघड्या भांड्यातलं उकळते. हे बंद हाय, दाबाखाली हाय, कुकरातल्यासारखं. त्यात कूलंट मिसळलेलं. शंभराला याला काही होत नाही. एकशेपाचला विचार करायचा, एकशेदहाला थांबायचं."

ते तिने पक्कं ध्यानात ठेवलं. त्यानंतर केरामेरीचा घाट, माहूर, नांदेड असे किती प्रवास तिने केले. भार्गवला मात्र हे सगळं फोनवरच कळत होतं आणि प्रत्येक वेळी त्याला नको नको व्हायचं.

गिऱ्हाइकाची गोष्ट ऐकून अनंतराव म्हणाले, "चालवते ती. मी काय बोलू?"

चारुशीला शांतपणे म्हणाली, "येऊ दे. बघून जाईल."

भार्गवला ते हो वाटलं. गुरुवारच्या आधी मुधोळला जान्हवीकडे एक चक्कर मारू, असं तिने सुचवलं तेव्हा तो लगेच तयार झाला. शेवटचा प्रवास म्हणून ठीक आहे, असं त्याने मनाशी म्हटलं. जान्हवी त्याची धाकटी बहीण. मुधोळच्या कॉलेजात शिकवायची. तिच्या अंगणात घरगाडी लावून सगळ्यांनी दोन रात्री मजेत काढल्या आणि गुरुवारी सकाळी लवकर परत निघाले.

डिसेंबरचे दिवस होते. भैंसा मागे पडेपर्यंत कापसाच्या रानांवर धुकं होतं. थंडीने अनंतरावांचे गुडघे धरायचे, म्हणून त्यांनी गाडीत एक हीटर बसवला होता. इंजिनातलं गरम पाणी रबरी पाइपांतून मागे नेऊन त्यावरून पंख्याने हवा सोडायची, एवढीच ती सोय. त्या हीटरसमोर शाल गुंडाळून ते मागच्या पलंगावर पडले होते. भार्गव आईच्या शेजारी समोर बसला होता.

निर्मल सोडलं आणि घाट सुरू झाला. दोन्ही बाजूंना सागाचं जंगल, पुढे सिमेंटच्या पोत्यांनी भरलेला ट्रक. चारुशीलाने गिअर उतरवला. मीटरवरचा आकडा चढू लागला. ब्याण्णव. शहाण्णव. अठ्ठ्याण्णव.

भार्गवचं लक्ष रस्त्यावरून मीटरवर गेलं.

"आई, शंभर झाले."

"हो."

"हो काय? गाडी तापून राह्यली. बाजूला घे, पाणी टाकू."

"घाटात इतकी तापतेच ही."

"मग गिअर तरी टाक वरचा. किती ओरडून राह्यलं इंजिन."

"ओरडू दे. वरच्या गिअरात रेटलं तर आणखी तापंल. पाणी फिरवणारा पंप अन् पंखा, दोन्ही इंजिनाच्याच फेऱ्यांवर चालतात. ते जोरात फिरले तरच उष्णता बाहेर पडते."

भार्गवचा हात दाराच्या दांडीवर घट्ट होता. आकडा एकशेतीन झाला. चारुशीलाने मागे न बघता आवाज दिला.

"अहो, हीटर पूर्ण उघडा. एकशेतीन आहे."

"उघडला," अनंतराव म्हणाले. हीटरमधून जितकी उष्णता गाडीत येईल तितकी इंजिनाची कमी होते, हे दोघांनाही ठाऊक होतं. थोड्याच वेळात आकडा एकशेएकवर येऊन थांबला. पुढचा ट्रक खालच्या गिअरात गुरगुरत होता, तीही त्याच्या मागे त्याच संथ चालीने चढत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काळजीची एक रेषही नव्हती. भार्गवला तिचं नवल वाटलं आणि थोडा रागही आला. या वयात हिला भीती कशी वाटत नाही, असं त्याच्या मनात येत होतं.

आणखी दोन वळणं गेली. आकडा सत्त्याण्णव झाला. मग त्र्याण्णव. मग शहाऐंशी.

भार्गवने दांडी सोडली आणि पाठ टेकली. "उतरलं एकदाचं. वेळेत पोचू आपण. तो माणूस दोन वाजता येणार हाय."

चारुशीलाची नजर मीटरवरच होती. चढ संपला नव्हता, ट्रक पुढेच होता आणि तिचा पाय ॲक्सिलरेटरवर तितकाच दाबलेला होता. आकडा उतरावा असं काहीच घडलं नव्हतं. वॉर्डात असं तिने पाहिलं होतं. फणफणलेल्या पेशंटचा ताप एकदम खाली येतो, नातेवाइकांचे चेहरे उजळतात, आणि सिस्टर मात्र त्याच्या गार पडलेल्या हातापायांना हात लावून धावत डॉक्टरांना बोलवायला जाते.

"अहो, हीटरची हवा कशी आहे?" तिने विचारलं.

"तेच म्हणणार होतो मी. गार मारून राह्यला आता."

तिने लगेच इंडिकेटर दिला. डावीकडे दरडीशेजारी मुरमाची सपाट जागा होती. गाडी तिथे घेऊन तिने हँडब्रेक ओढला आणि इंजिन बंद केलं. मीटर बघायला चावी पुन्हा अर्धी फिरवली, तेव्हा ते सत्तरावर होतं.

"काऊन थांबवली?" भार्गव म्हणाला. "उतरून राह्यलं होतं ना टेम्परेचर."

"म्हणूनच थांबवली."

"एकशेतीनला थांबली नाही, अन् सत्तरला थांबली?"

"हा आकडा पाण्याचा आहे, भार्गव. सेन्सर पाण्यात बुडलेला आहे तोवर तो खरं सांगतो. पाणीच निघून गेलं तर तो नुसता हवेत लटकतो. मग लोखंड भाजून निघालं तरी त्याला पत्ता नाही." तिने सीटबेल्ट सोडला. "अन् आत गरम पाणी असतं तर हीटर गार काऊन पडला असता?"

भार्गव खाली उतरला. गाडीच्या मागे रस्त्यावर एक ओली रेघ वळणापलीकडून थेट मागच्या चाकापर्यंत आली होती. चाकाच्या अलीकडे हिरवट थेंब टपटपत होते आणि हवेत गोडसर वास होता. तो थोडा वेळ तिथेच उभा राहिला. मग घाईघाईने पाण्याची बाटली घेऊन पुढे आला, इंजिनावरचं झाकण उघडलं आणि रेडिएटरच्या टोपणाकडे हात नेला.

चारुशीलाने त्याचं मनगट धरलं. तिची पकड अजून दवाखान्यातलीच होती.

"आत वाफ आहे. उघडलं की तोंडावर येईल. मी बघितलेले आहेत असे चेहरे. अन् तापलेल्या लोखंडात गार पाणी गेलं तर ते तडकते. आधी निवू दे."

"किती वेळ?"

"त्या वरच्या पाइपाला हात लावून धरता आला पाहिजे, तोवर."

मग करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तिने ओट्यावर चहा ठेवला. गाडीच्या दारात तिघं कप घेऊन बसले. दरडीवरून दोन माकडं त्यांच्याकडे बघत होती. खालून येणारे ट्रक हॉर्न देऊन जात होते. एकाने वेग कमी करून खिडकीतून 'एमैंदी?', काय झालं, म्हणून विचारलं, अनंतरावांनी हात हलवून सगळं ठीक असल्याचं सांगितलं.

भार्गवने चहा अर्धा ठेवला.

"आई, मी उगाच विका म्हणून नाही म्हणत. तुमी दोघं कुठं तरी असता, मी नागपुरात. बाबांना बाजूचं दिसत नाही. फोन वाजला की मला भीती वाटते."

"वाटत असेल," ती म्हणाली. "तू गाडी घेऊन पहिल्यांदा नागपूरला गेला होता ना, तेव्हा मला पण वाटली होती. पण मी तुला जाऊ नको म्हटलं नाही. टायरची हवा बघ म्हटलं."

अनंतराव हसले. भार्गवला हसू आलं नाही, पण त्याने कप उचलून उरलेला चहा पिऊन टाकला.

पाइप हाताला सोसवेल इतका निवल्यावर अनंतरावांनी चटई मागितली. त्यांना स्वतःला खालचं दिसलं नसतं, म्हणून भार्गव गाडीखाली सरकला आणि ते बाहेर उकिडवे बसून सांगू लागले.

"इंजिनापासून मागं जाणारे दोन रबरी पाइप दिसतात का?"

"दिसले."

"त्याच्यावरून हात फिरवत ये मागं. हळूहळू."

भार्गवचा हात चाकाजवळ थांबला. "इथं फाटलाय, बाबा. लोखंडी पट्टीला घासून घासून. बोटभर चीर हाय."

तो पाइप अनंतरावांनीच टाकलेला होता, हीटर बसवला तेव्हा. त्या पट्टीवर रबराचा तुकडा गुंडाळायला हवा होता, हे त्यांना आता बसल्या जागी स्पष्ट दिसत होतं. ते म्हणाले, "माझ्याच हातचं काम."

"नळ पण तुमच्याच हातचे आहेत," चारुशीला म्हणाली. "ते बंद करू आता."

हीटरकडे जाणाऱ्या दोन्ही पाइपांवर इंजिनाजवळ त्यांनी एकेक पितळी नळ बसवला होता, उन्हाळ्यात हीटर बंद ठेवता यावा म्हणून. भार्गवने दोन्ही नळ आवळले. आता फाटलेला पाइप इंजिनापासून वेगळा झाला. चारुशीलाने टोपणावर जाड फडकं टाकलं, थोडं फिरवून उरलीसुरली वाफ जाऊ दिली, मग टोपण काढलं. न्हाणीघराच्या टाकीत पाणी भरपूर होतं. भार्गव बादली भरून आणत राहिला, ती तांब्याने सावकाश ओतत राहिली. इतकं पाणी मावलं की भार्गवला वाटलं, खाली भोक पडलंय.

"एवढं गेलं होतं?" त्याने विचारलं.

"बघ की."

टोपण उघडंच ठेवून तिने इंजिन सुरू केलं. पाण्यात अडकलेली हवा बुडबुड करत वर आली, पातळी खाली गेली, तिने पुन्हा ओतलं. बुडबुडे थांबेपर्यंत ती वाकून बघत राहिली आणि मग टोपण लावलं. मीटरवरचा आकडा हळूहळू चढत सत्त्याऐंशीवर आला.

"आता हा खरं बोलतो," ती म्हणाली आणि स्टिअरिंगवर जाऊन बसली.

हीटरशिवाय गाडी गारठली. अनंतरावांनी शालीवर चादर घेतली. उरलेला घाट चारुशीलाने आणखी संथ चढवला. आकडा शंभरापर्यंत गेला आणि माथ्यावर आल्यावर नेहमीसारखा उतरला. नेरडीगोंड्याला थांबून तिने खाली ओल आहे का बघितलं. जमीन कोरडी होती.

इचोड्याला ढाब्यांच्या ओळीच्या पुढे सुरेंद्र नावाच्या मिस्त्रीचं गॅरेज होतं. चाळिशीचा, मोजकं बोलणारा माणूस. चारुशीलाने त्याला काय झालं ते क्रमाने सांगितलं: आकडा किती चढला, कुठे उतरायला लागला, हीटर कधी गार पडला, इंजिन कुठे बंद केलं. तो मधे न बोलता ऐकत होता. मग त्याने इंजिन ऑइलची कांडी काढून पाहिली, तेलात पाणी मिसळलं नव्हतं. रेडिएटर उघडा ठेवून इंजिन चालवलं आणि बराच वेळ पाण्याकडे बघत उभा राहिला. इंजिनाच्या वरच्या भागाच्या, म्हणजे हेडच्या जोडातून जळलेला गॅस पाण्यात शिरत असेल तर बुडबुडे थांबत नाहीत, हे त्याने भार्गवला समजावलं. पाणी स्थिर होतं.

"काहीच झालं नाही हिला," सुरेंद्र म्हणाला. "वेळेवर बंद केली तुमी. आमच्याकडं लोक वर येऊन मग आणतात, हेड वाकडं झाल्यावर. म्हणतात, टेम्परेचर तर कमी होतं भाऊ."

भार्गवने मान खाली घातली.

सुरेंद्रने नवा पाइप टाकला. लोखंडी पट्टीवर अनंतरावांनी स्वतःच्या हाताने रबराचे दोन वेढे दिले आणि तारेने आवळले. नजर अधू असली तरी बोटं अचूक होती. जुनं पाणी काढून नवीन कूलंट भरणं चालू असताना भार्गवचा फोन वाजला. गिऱ्हाईक आदिलाबादला त्यांच्या दारात येऊन उभं होतं.

"इचोड्यात आहोत, जरा उशीर..." भार्गव बोलू लागला. आईने हात पुढे केला. त्याने तिच्याकडे बघितलं आणि फोन दिला.

चारुशीला तेलुगूत बोलली, दवाखान्यात पेशंटच्या घरच्यांशी बोलायची तशी, हळू आणि ठाम. गाडी विकायची नाही. मुलाने काळजीपोटी तुम्हाला बोलावलं, तुमची खेप वाया गेली याबद्दल माफ करा. शेजारी रेणुकाबाई राहतात, मी त्यांना सांगते, चहा घेतल्याशिवाय जाऊ नका. पलीकडचा माणूस काही तरी बोलला, त्यावर ती हसली आणि तिने फोन ठेवला.

"काय म्हणाला?" भार्गवने विचारलं.

"म्हणाला, पुढं कधी विकायची झाली तर मलाच सांगा."

"आई, मला विचारायचं तरी."

"तू त्याला बोलावताना आमाला विचारलं होतं?"

तो वरमला. गॅरेजसमोरच्या दगडावर बसून त्याने चपलेने थोडी माती उकरली. मग म्हणाला, "ठीक आहे. पण कुठं निघालात तर मला आधी सांगायचं. कोणत्या रस्त्यानं, कुठं थांबणार, सगळं."

"सांगेन."

"आणि दर सहा महिन्यांनी तुझेही डोळे तपासायचे."

"तपासते. बाबांच्या बरोबरच तपासून घेते मी." ती उठली. "आणखी काही?"

भार्गवने गाडीकडे बघितलं. "आदिलाबादपर्यंत मी चालवू?"

अनंतरावांनी मागून लगेच सांगितलं, "दे त्याला. मोठी गाडी चालवायचं लायसन हाय त्याचं, कॉलेजात असताना काढलं होतं." भार्गवने ते कशासाठी काढलं होतं, ते आता त्यालाही आठवत नव्हतं.

चारुशीलाने चावी त्याच्या हातावर ठेवली.

गुडीहत्नूरपर्यंत तो प्रत्येक आकडा मोठ्याने वाचत होता. पंच्याऐंशी, सत्त्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी. हे ठीक का, ते ठीक का, विचारत होता. ती सांगत होती. उड्डाणपूल चढताना दोनने वाढला, उतारावर कमी झाला, तेव्हा कारण त्याने स्वतःच सांगितलं. हीटर पुन्हा चालू झाल्याने गाडीत ऊब आली होती. मागे अनंतराव घोरू लागले. थोड्या वेळाने तिचंही डोकं खिडकीला टेकलं.

आदिलाबादच्या अलीकडे रस्ता तुंबला होता. मार्केट यार्डाकडे निघालेल्या कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग लांबवर लागलेली, प्रत्येकावर ताडपत्रीबाहेर फुगलेला पांढरा ढीग. उडालेला कापूस डांबरावर आणि बाभळींवर चिकटला होता. घरगाडी त्या रांगेत उभी राहिली. वारा बंद झाला तसा आकडा चढू लागला. नव्वद. त्र्याण्णव. शहाण्णव.

भार्गवने आईकडे पाहिलं. तिचा श्वास एका लयीत चालला होता. त्याने हाक मारली नाही. चढ नाही, पुढे हलायला जागा नाही, गाडी एका जागी उभी, म्हणजे चढणारच, असं त्याने मनात मांडलं. गाडी उभीच होती, म्हणून त्याने सीटवरून मागे वळून हीटरच्या झोतात तळवा धरला. हवा गरम होती. सत्त्याण्णवला इंजिनाचा पंखा घोंगावायला लागला आणि आकडा एकेक करून खाली येत नव्वदच्या आत गेला.

पुढचा ट्रॅक्टर धूर सोडत हलला. भार्गवने पहिला गिअर टाकला, क्लच हळूच सोडला, आई जागी होणार नाही अशा बेताने.